शनिवारी घाणा बंद : इस्रायलमधल्या माणसांचा वेळेचा हिशेब



नोकरीच्या निमित्ताने माझी काही वर्षे अलिबाग भागात गेली. गावात पंचनाम्याला किंवा पीक पाहणीला गेलो की जुनी माणसे भेटत. बोलता बोलता एखादे आजोबा पडक्या जोत्याकडे बोट दाखवीत आणि म्हणत, "इथं शनवार तेल्याचा घाणा होता." तेली कळला, पण शनवार कशासाठी? तर म्हणत, "ती माणसं शनिवारी घाणा जुंपत नसत. मग गिऱ्हाईक दारात उभं राहो, की लग्नघरचं तेल असो. शुक्रवारी दिवस मावळला की बैल सुटला, तो शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत."

हे शनवार तेली म्हणजे आपल्या कोकणातले बेने इस्रायल. नवगावच्या किनाऱ्याजवळ फार पूर्वी गलबत फुटले, त्यातून वाचलेल्यांचे आपण वंशज, असे ते परंपरेने सांगतात. गावावरून पडलेली 'कर'ची आडनावे, घरात मराठी, बायकांच्या अंगावर नऊवारी. किती पिढ्या गेल्या. मूळ भाषा विसरली, बरेचसे धर्माचार विसरले, पण शनिवार काही विसरला नाही. १९४८ साली इस्रायल हे राष्ट्र स्थापन झाल्यावर पुढच्या काही दशकांत त्यांतले बहुतेक लोक तिकडे गेले आणि दिमोना, अश्दोद, लोद अशा गावांत वसले. तिथेही त्यांनी मराठी जपली आणि 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक चालविले.

हे सारे मला ठाऊक होते. तरीही त्याचा अर्थ ध्यानात यायला आणखी बरीच वर्षे जावी लागली. तो एका शेतकऱ्याने मला समजावून दिला.

आम्ही विस्ताराचे काम करणारी माणसे सभेत इस्रायलचे नाव घेतो ते ठिबकासाठी. सिम्खा ब्लास या पाणी इंजिनियरने ही पद्धत विकसित केली आणि १९६५ साली नेगेव वाळवंटातील हत्झेरिम या किबुत्झाने, म्हणजे सामुदायिक शेतीच्या गावाने, तिच्या नळ्या तयार करण्याचा कारखाना काढला. नेटाफिम हे त्याचे नाव आता आपल्या द्राक्षबागांतून लहान पोरांनाही माहीत आहे. ही गोष्ट सांगून झाली की मी नेहमी पुढचे वाक्य जोडीत असे, "ती माणसं पाण्याचा थेंब आणि वेळेचा मिनिट वाया घालवत नाहीत. आपण मात्र पारावर बसून दिवस काढतो."

एकदा आमच्या तालुक्यातील एक बागायतदार अभ्यास दौऱ्यावर इस्रायलला जाऊन आला. परत आल्यावर म्हणाला, "साहेब, तुमचं थेंबाचं खरं, पण मिनिटाचं खोटं. शुक्रवारी दुपारपासून दुकानं बंद व्हायला लागली, संध्याकाळी बस बंद. शनिवारी आम्ही हॉटेलातच बसून. लिफ्टसुद्धा आपली आपण प्रत्येक मजल्यावर थांबत होती, कारण त्या दिवशी बटण दाबायचं नाही म्हणे. एवढी कामाची माणसं आणि दर आठवड्याला सगळा कारभार बंद!"

मी गप्प बसलो. मग वाचायला लागलो, जाऊन आलेल्यांना विचारू लागलो. त्यातून जे हाती आले ते आज आपल्यापुढे ठेवतो.

दिवस मावळतीला सुरू होतो

पहिली गोष्ट म्हणजे त्यांचा दिवस मध्यरात्री किंवा सूर्योदयाला सुरू होत नाही, तो सूर्यास्ताला सुरू होतो. आधी रात्र, मग दिवस. आधी झोप, मग काम. सण असो, मोठा उपवास असो, सुरुवात आदल्या संध्याकाळी.

आठवड्याच्या वारांनाही ग्रहांची नावे नाहीत. आपला रविवार म्हणजे त्यांचा 'पहिला दिवस', सोमवार 'दुसरा दिवस', असे करीत शुक्रवार हा 'सहावा दिवस'. नाव फक्त एकाच वाराला आहे, तो म्हणजे शब्बात, आपला शनिवार. बाकीचे सहा दिवस जणू त्याच्याकडे जाणाऱ्या पायऱ्या. तिथे कामाचा आठवडा रविवारी सुरू होतो. आपली सुट्टी तो त्यांचा कामाचा पहिला दिवस.

वर्ष मात्र आपल्याला ओळखीचे वाटेल. महिने चंद्रावर चालतात. बारा चांद्रमहिन्यांचे दिवस होतात सुमारे ३५४. सूर्याच्या वर्षापेक्षा अकरा दिवस कमी. असेच चालू दिले तर वसंतातला सण थंडीत जाईल. म्हणून एकोणीस वर्षांत सात वेळा ते एक महिना जास्तीचा धरतात. आपल्या अधिक महिन्याचे गणितही असेच आहे. आपली पंचांगे ज्या अडचणीतून वाट काढतात, तीच अडचण आणि जवळजवळ तीच वाट. सप्टेंबर २०२५ मध्ये त्यांचे ५७८६ वे वर्ष सुरू झाले. सरकारी आणि व्यापारी व्यवहार इंग्रजी तारखांवर चालतात, पण सण, सुट्ट्या आणि स्मृतिदिन या चांद्र पंचांगावर. म्हणजे आपल्यासारखीच भिंतीवर दोन कालगणना.

या पंचांगाचा पाया शेतीचा आहे. वसंतात पासोव्हर हा सण येतो, तेव्हा सातू कापणीला येतो. तिथून एकोणपन्नास दिवस रोज रात्री मोजायचे आणि पन्नासाव्या दिवशी गव्हाच्या सुगीचा सण करायचा. पाऊस तिथे हिवाळ्यात पडतो, ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत. उन्हाळा कोरडा ठणठणीत. उत्तरेला गालील भागात आपल्या देशावरच्यासारखा बरा पाऊस असतो, तर बेरशेबाला वर्षाचे जेमतेम २०० मिलिमीटर आणि टोकाच्या एलातला त्याच्याही सातव्या-आठव्या हिश्श्याइतका. पहिल्या पावसाला एक नाव, शेवटच्या पावसाला दुसरे नाव. आपण मृगाचा आणि हस्ताचा म्हणतो तसे.

पावसाच्या मागणीचीही तारीख ठरलेली आहे. शरदातला मोठा सण संपल्यावर पंधरा दिवस थांबून मगच प्रार्थनेत पाऊस मागायचा. पंधरा दिवस कशासाठी? तर पूर्वी सणासाठी यरुशलेमला आलेला दूरच्या फरात नदीकाठचा यात्रेकरू पायी घरी पोचेपर्यंत भिजू नये म्हणून. शेताला पाणी हवे असते, तरी शेवटचा वारकरी घरी जाईस्तोवर कळ काढायची. मला हा नियम फार आवडला. आज ते यात्रेकरू राहिले नाहीत, पण इस्रायलमध्ये तो पंधरवडा अजून पाळतात.

शुक्रवारची घाई

आता त्या शनिवारकडे वळू. शब्बात सुरू होतो शुक्रवारी सूर्य मावळायच्या थोडा आधी. घरची बाई दिवे लावते, साधारणपणे सूर्यास्ताआधी अठरा मिनिटे. यरुशलेम शहरात चाळीस मिनिटे आधी लावण्याची रीत आहे आणि तिथे त्या वेळी भोंगा वाजतो. शनिवारी रात्री आकाशात तीन चांदण्या दिसल्या की शब्बात संपतो. एकूण सुमारे पंचवीस तास.

या पंचवीस तासांत काय करायचे नाही, याची त्यांच्या जुन्या धर्मशास्त्रात एकोणचाळीस कामांची यादी आहे. ती वाचताना मला वाटले, ही यादी कोणी तरी शेतकऱ्यानेच केली असावी. पेरणी, नांगरणी, कापणी, पेंढ्या बांधणी, मळणी, उफणणी, निवडणे, दळणे, चाळणे, मळणे आणि भाजणे. पहिली अकरा कामे म्हणजे बियाण्यापासून भाकरीपर्यंतचा आपला सगळा जन्म. त्यापुढे लोकर कातरणे, सूत काढणे, विणणे, आग पेटवणे, आग विझवणे वगैरे. एवढेच नव्हे, तर नांगरणीच्या आणि सुगीच्या ऐन घाईतही हा दिवस पाळावा, असे त्यांच्या धर्मग्रंथात मुद्दाम बजावले आहे. आणि विसावा कोणाला? तर घरधन्याबरोबर गड्याला, मोलकरणीला, परगावच्या पाहुण्याला, बैलाला आणि गाढवालाही. त्यांची नावे घेऊन सांगितले आहे.

आग पेटवायची नाही म्हणजे स्वयंपाक नाही. म्हणून शुक्रवारी दुपारी मोठे पातेले चढते. गहू, घेवडा, बटाटा, मांस असे घालून मंद आचेवर रात्रभर ठेवतात आणि शनिवारी दुपारी गरम वाढतात. दिवे, पंखे यांच्यासाठी वेळ लावून ठेवायचे घड्याळ असते. ते ठरल्या वेळी आपोआप वीज चालू-बंद करते. त्याला 'शब्बातचे घड्याळ' असेच म्हणतात.

माझ्या भगिनी इथे विचारतील, "म्हणजे शनिवारी बाईला सुट्टी?" उत्तर निम्मे होय असे आहे. शनिवारी चूल बंद, धुणे बंद, शिवण बंद. पण त्यासाठी शुक्रवारी दोन दिवसांचे काम एका दिवसात उरकावे लागते. बाजार, झाडलोट, दोन-तीन जेवणे आणि सूर्य तर कोणासाठी थांबत नाही. विसावा फुकट मिळत नाही, त्याची किंमत कोणी तरी आदल्या दिवशी भरतो. ती घरातल्या सर्वांनी मिळून भरली तर विसावा, एकटीने भरली तर नुसती अदलाबदल.

सगळेच यहुदी हे नियम पाळतात असे मात्र नाही. तिथल्या यहुदी लोकांपैकी पाचांत दोघांहून थोडे अधिक स्वतःला धर्माचे बंधन न मानणारे म्हणवतात. ते शनिवारी गाडी काढून समुद्रावर किंवा डोंगरावर जातात. तरीपण शुक्रवारी रात्री आईवडिलांकडे सगळ्यांनी एकत्र जेवायचे, ही रीत त्यांच्यातही पुष्कळ घरांत आहे. यावरून भांडणेही होतात. बस चालू असावी की नसावी, दुकान उघडे असावे की नसावे, यावर तिथे नेहमी वाद पेटलेला असतो. नोव्हेंबर २०१९ मध्ये तेल अविव आणि शेजारच्या काही नगरपालिकांनी शनिवारी मोफत बस सुरू केली, तीही बऱ्याच वादानंतर. कायद्याने मात्र १९५१ सालापासून प्रत्येक नोकरदाराला आठवड्यातून सलग निदान छत्तीस तास विश्रांती ठरवून दिली आहे. यहुद्याला शनिवारी, इतरांना शुक्रवार, शनिवार किंवा रविवार यांपैकी त्यांच्या धर्माप्रमाणे.

गाईला शनिवार कळत नाही

आता खरी अडचण. दुकान बंद ठेवता येते, नांगर उभा करता येतो. पण गाईचे काय? वर्षाला अकरा-बारा हजार लिटर दूध देणारी तिथली गाय दिवसातून तीनदा दोहावी लागते. धार चुकली तर कास दगडासारखी होते, जनावर तळमळते. ही गोष्ट तुम्हाला मी सांगायला नको.

गेल्या शतकात धार्मिक वृत्तीच्या लोकांनी किबुत्झ वसविले तेव्हा हा प्रश्न त्यांच्यापुढे आला. जुना उपाय होता परधर्मीय गड्याकडून धार काढून घेण्याचा. पण किबुत्झाचा बाणा असा की आपले काम आपल्या हाताने करायचे, दुसऱ्याला राबवायचे नाही. मग विसावा पाळायचा की बाणा? मुक्या जनावराला पीडा होऊ द्यायची नाही, हाही धर्मच. तेव्हा काही पंडितांनी तोड काढली, की धार काढा, पण दूध भांड्यात न घेता जमिनीवर जाऊ द्या. म्हणजे गाईची सुटका झाली आणि कमाईसाठी काम केले असेही झाले नाही. दूध मातीत सोडताना त्या माणसांना काय वाटले असेल, ते आपण दुधाची घागर उपडी झालेल्या दिवसावरून ओळखावे. पुढे धार काढणारी यंत्रे आली, त्यांना वेळेची घड्याळे जोडली गेली आणि दूध वाचवण्याच्या रीतसर पद्धती ठरल्या.

पाण्याचा प्रश्न मात्र फार पूर्वी सुटला होता. त्यांच्या तालमूद नावाच्या जुन्या धर्मचर्चेच्या ग्रंथात असा निर्णय आहे, की शुक्रवारी अंधार पडण्यापूर्वी पाटाचे पाणी बागेकडे वळवून दिले आणि ते शनिवारभर आपोआप भरत राहिले, तर त्यास हरकत नाही. माणसाने थांबावे, पाण्याने थांबायची गरज नाही. काम आधी लावून द्यावे.

हे वाचले तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ठिबकाच्या संचावर घड्याळ लावून तासांच्या हिशेबाने पाणी सोडण्याची जी पद्धत आम्ही आधुनिक म्हणून सांगतो, तिच्यामागचा विचार शेकडो वर्षे त्या समाजाच्या अंगवळणी पडलेला आहे. यंत्र त्यामुळेच निघाले असे मी म्हणत नाही. यंत्र पाण्याच्या टंचाईतून निघाले. पण पुढचे काम आज लावून ठेवायचे आणि मग हात काढून घ्यायचे, ही सवय असलेल्या माणसाला असे यंत्र परके वाटत नाही. आपल्याकडे काही बागाईतदार घड्याळ बसवतात आणि तरी रात्री तीनदा उठून कॉक पाहून येतात. घड्याळ मिळाले, पण उसंत मिळाली नाही.

सातवे वर्ष

दिवसाचा हिशेब झाला. तसाच वर्षाचाही आहे. सहा वर्षे जमीन करायची आणि सातव्या वर्षी पड ठेवायची. पेरणी नाही, छाटणी नाही. आपोआप जे उगवेल आणि झाडाला लागेल ते गरिबांनी आणि रानच्या जनावरांनी खावे. कुंपणाचे दार उघडे. या वर्षाला ते 'श्मिता' म्हणतात. सप्टेंबर २०२१ ते सप्टेंबर २०२२ हे असे वर्ष होते. पुढचे सप्टेंबर २०२८ मध्ये सुरू होईल.

ऐकायला गोड, पण ज्याचे पोट त्या जमिनीवर आहे त्याने काय करायचे? एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी युरोपातून आलेले यहुदी तिथे नव्याने शेती करू लागले, तेव्हा १८८८-८९ सालचे सातवे वर्ष उभे ठाकले. लोक कर्जबाजारी, वसाहती नवख्या. वर्षभर पड टाकली तर सगळेच मोडणार. तेव्हा काही धर्मगुरूंनी परवानगी दिली, की जमीन त्या वर्षापुरती परधर्मीयाला कागदोपत्री विकावी, म्हणजे ती यहुद्याची राहणार नाही आणि काम करता येईल. दुसऱ्या गुरूंनी कडाडून विरोध केला. १९०९-१० मध्ये रब्बी कूक यांनी पुन्हा या विक्रीच्या बाजूने कौल दिला. तो वाद आजही मिटलेला नाही. दर सातव्या वर्षी कोणी जमीन विकतो, कोणी मातीशी संबंध तोडून बंदिस्त जागेत पाण्यावर भाजी वाढवतो, कोणी दुसऱ्याची भाजी विकत घेतो आणि थोडे शेतकरी खरोखरच जमीन पड ठेवतात.

याच वर्षाशी आणखी एक नियम जोडलेला होता, तो आपल्या जिव्हाळ्याचा आहे. सातव्या वर्षी कर्ज माफ. झाले काय, तर सातवे वर्ष जवळ आले की सावकार गरिबाला कर्जच देईनात. दयेचा कायदा गरिबाच्याच गळ्याला लागला. तेव्हा सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी हिलेल नावाच्या पंडिताने तोड काढली, की सावकाराने आपले येणे न्यायसभेच्या स्वाधीन करावे, म्हणजे ते बुडणार नाही आणि गरजवंताला दारातून परतही जावे लागणार नाही. कर्जमाफीच्या घोषणा ऐकलेल्या आपल्या कानांना यातला पेच वेगळा समजावून सांगायला नको.

यातून मला एवढेच दिसले, की थांबायचा नियम करणे सोपे, पण तो गरिबाला परवडेल असा करणे फार कठीण. त्या लोकांनी नियम सोडला नाही आणि पोटही विसरले नाहीत. दोन्हींच्या मध्ये शेकडो वर्षे ओढाताण करीत राहिले.

झाडांच्याही वयाचा एक दिवस त्यांनी ठरविला आहे. शेवात महिन्याची पौर्णिमा, म्हणजे आपला पौष-माघ. तोवर बहुतेक पाऊस पडून गेलेला असतो आणि झाडात रस चढू लागतो. पहिल्या तीन वर्षांचे फळ खायचे नाही, असा नियम असल्याने झाडाचे वर्ष मोजायला असा दिवस लागतो. १८९० साली झिख्रोन याकोव गावच्या एका शिक्षकाने त्या दिवशी मुलांना घेऊन झाडे लावली, तेव्हापासून तो वृक्षारोपणाचा सण झाला. आपले बेने इस्रायल हा दिवस एलियाहू हन्नाबीचा उरूस म्हणून करतात. त्यात पोहे, खोबरे, गूळ आणि फळांचा मलिदा असतो. अलिबागजवळच्या खंडाळे गावी एलियाहूने पाय टेकले, अशी त्यांची श्रद्धा आहे.

सणानंतर बघू!

एवढे वाचून कोणाला वाटेल, की ती माणसे घड्याळाच्या काट्यावर चालतात. तसे मुळीच नाही! जाऊन आलेले सांगतात, की रांगेत उभे राहायचा तिथे भयंकर कंटाळा. हाताची पाच बोटे वर करून मिटवली की अर्थ होतो 'जरा दम धर', आणि हा हावभाव दिवसात पन्नासदा दिसतो. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये नववर्ष, मोठा उपवास आणि मांडवाचा सण असे तीन आठवडे लागोपाठ सण येतात. त्या काळात कोणतेही काम घेऊन जा, उत्तर एकच, "सणानंतर." आपल्याकडे "दिवाळी झाल्यावर या" म्हणतात ना, अगदी तेच. काम अडले की "होईल सगळं ठीक" म्हणून जागच्या जागी जुगाड करायचे, हाही त्यांचा स्वभाव.

आणखी एक गोष्ट. लांब पल्ल्याचा बेत करायला ती माणसे कचरतात, असे त्यांच्यातलेच जाणते लोक सांगतात. त्याला कारण आहे. तिथे तरुण मुलामुलींना सक्तीची लष्करी नोकरी असते आणि पुढेही अनेकांना राखीव सैनिक म्हणून केव्हाही बोलावणे येते. मोठ्या उपवासाच्या दिवशी रस्त्यावर एक गाडी दिसत नाही, मुले भर हमरस्त्यावर सायकली फिरवतात. अशाच दिवशी, ६ ऑक्टोबर १९७३ रोजी दुपारी, युद्ध सुरू झाले आणि लोक प्रार्थनेतून उठून सैन्यात गेले.

दरवर्षी वसंतात दोन दिवस देशभर भोंगा वाजतो. एक युरोपात नाझींनी मारलेल्या साठ लाख यहुद्यांच्या स्मरणाचा, दुसरा युद्धात पडलेल्यांच्या स्मरणाचा. भोंगा सुरू झाला की हमरस्त्यावरच्या मोटारी थांबतात, माणसे खाली उतरून दोन मिनिटे उभी राहतात. आणि युद्धात पडलेल्यांच्या स्मृतिदिनाची संध्याकाळ झाली की त्याच क्षणी स्वातंत्र्यदिन सुरू होतो. दिवस मावळतीला बदलतो ना! डोळे पुसायला आणि हसायला मध्ये एक रात्रसुद्धा नाही.

सगळ्यांची वेळ सारखी नसते

एक गोष्ट सांगितली नाही तर हा लेख अर्धवट राहील. त्या देशाच्या नागरिकांत पाचांत एक अरब आहे. त्यांतील मुसलमानांचा मोठा वार शुक्रवार, ख्रिस्ती लोकांचा रविवार. मुसलमानी पंचांगात अधिक महिना नसल्याने रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो. एकाच शहरात तीन वारांचा विसावा आणि तीन पंचांगांचे सण चालतात. वेस्ट बँकमधला पॅलेस्टिनी मजूर इस्रायलमध्ये कामाला जायचा, तो पहाटे तीन-चारला घर सोडून तपासणी नाक्याच्या रांगेत उभा राहायचा. आठ तासांच्या रोजगारासाठी त्याचे बारा-चौदा तास जात. ती रांगेतली वेळ कोणाच्या हजेरीपटावर चढत नाही.

शेतांवर थायलंडमधून आलेले हजारो मजूर राबतात. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी, शनिवारी आणि सणाच्या सकाळी, हमासने गाझालगतच्या किबुत्झांवर हल्ला केला. सुमारे १२०० माणसे मारली गेली आणि अडीचशेंना ओलीस नेले. त्यांत हे थाई शेतमजूरही होते. त्यानंतरच्या युद्धात गाझात हजारोंच्या हजारो पॅलेस्टिनी मारले गेले, त्यांत बायका-मुले पुष्कळ. तेल अविवच्या एका चौकात ओलिसांचे नातलग जमत, तिथे किती दिवस, किती तास, किती मिनिटे गेली ते मोजणारे मोठे घड्याळ लावले होते. गाझाजवळच्या गावांना रॉकेटचा इशारा झाल्यावर आडोशाला पोचायला पंधरा सेकंद मिळतात. तिथली लहान मुले काय मोजायला शिकली असतील, याचा विचार करावा. आणि कुंपणापलीकडच्या मुलांना तर इशारा आणि आडोसा यांचाही भरवसा नव्हता. शांततेचा एक दिवस म्हणजे काय चीज आहे, हे अशा वेळी कळते.

आपला हिशेब

मग यातून आपण काय घ्यायचे? तुम्हीही शनिवार पाळा, असे मी सांगणार नाही. आपल्याकडेही कित्येक गावांत सोमवारी बैलाच्या मानेवर जू ठेवत नसत, अमावस्येला औत सोडीत. ट्रॅक्टर आला आणि तो नेम गेला. ट्रॅक्टरला सोमवार कळत नाही, बँकेच्या हप्त्यालाही कळत नाही. सकाळ-संध्याकाळ डेअरीला दूध घालणाऱ्या घराला वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस सारखेच. त्या घराला "विसावा घ्या" म्हणणे सोपे आहे, पण शनिवारची धार कोण काढणार, हे सांगितल्याशिवाय त्या बोलण्याला अर्थ नाही.

पण मी माझे ते सभेतले वाक्य मात्र आता सोडून दिले आहे. ती माणसे मिनिट वाया घालवत नाहीत म्हणून पुढे गेली, असे मी म्हणत नाही. थांबायची वेळ आधी ठरवली की तिच्यापर्यंत काम उरकायची, लावून द्यायची आणि वाटून घ्यायची सवय लागते. ज्याला थांबायची वेळच नाही, त्याचे काम कधी संपत नाही आणि घाईही कधी संपत नाही.

म्हणून एक छोटी गोष्ट करून पाहा. एखाद्या रात्री जेवणे झाल्यावर घरातल्या सगळ्यांनी बसून पाटीवर नावे लिहा. घरधनी, घरधनीण, म्हातारी माणसे, मुले, सून, सालगडी आणि शेवटी गोठ्यातली जनावरे. प्रत्येकाच्या नावापुढे मांडा, की आठवड्यात सलग किती तास त्याला कोणी काम सांगत नाही. बहुतेक घरांत पुरुषापुढे पारावरचे तास येतील आणि कोणा एकीपुढे शून्य येईल. त्या शून्यापासून सुरुवात करा. तिला चार तास द्यायचे, तर ते चार तासांचे काम कोणाकोणात वाटायचे, एवढेच ठरवा आणि वार नेमून टाका. नेमलेला वार मोडायला माणूस कचरतो, नुसती इच्छा रोज मोडते.

अलिबागकडच्या त्या तेल्याचा घाणा आठवड्यातून एक दिवस बंद असे, तरी तो गरिबीतही पिढ्यान्‌पिढ्या टिकला. त्या घाण्याच्या बैलाला वाचता येत नव्हते, पंचांग कळत नव्हते. पण शुक्रवारी ऊन कलले, की आता जू उतरणार, हे त्याला नक्की कळत असले पाहिजे.